वाचकांचे प्रश्न : फ्रान्समधले गड, भरतीतला डोंगर आणि एका नावाचा शोध

फ्रान्सला निघालेल्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. पॅरिसमध्ये काय पाहावे हे सांगणारी माहिती कुठेही मिळते. म्हणून पॅरिसबाहेर पडू पाहणाऱ्यांच्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे. फ्रेंच नावे उच्चाराला जवळ जातील अशी लिहिली आहेत. स्टेशनवरच्या पाटीवर रोमन अक्षरे वेगळीच दिसतील, तेव्हा निघण्यापूर्वी गावांची नावे रोमन लिपीत लिहून खिशात ठेवा.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र गेली अनेक वर्षे सह्याद्रीतले गड पाहतो आहोत. सप्टेंबरमध्ये बारा दिवस फ्रान्सला जातोय. टूरवाले लुआर नदीकाठचे ‘शातो’ दाखवतो म्हणतात, पण फोटोत तिथे ना तट दिसतो ना खंदक, बुरूज नुसते शोभेचे. खरे लढाऊ किल्ले कुठे आहेत आणि तिथे नेमके काय पाहायचे? (पुणे)

उत्तर : शंका अगदी बरोबर आहे. ‘शातो’ हा एकच शब्द फ्रेंच माणूस गडालाही वापरतो आणि वाड्यालाही. लढाऊ किल्ला सांगायचा असेल तर ‘शातो फोर’ म्हणतात. लुआरकाठचे शाँबोर हे १५१९ साली बांधायला घेतलेले राजाचे शिकारीचे निवासस्थान. ४४० खोल्या, २८२ शेकोट्या आणि रानाभोवती ३२ किलोमीटरची भिंत. तोफा आल्यावर उंच भिंतींचा भरवसा संपला होता आणि बुरूज उरले ते दरबारी थाटाची खूण म्हणून. शाँबोर जरूर पाहा, पण वाडा म्हणून पाहा. त्याच्या मधोमध एकमेकांत गुंफलेले दोन जिने आहेत. एकावरून चढणारा आणि दुसऱ्यावरून उतरणारा मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण समोरासमोर येत नाहीत.

गड म्हणून पाहायचा असेल तर पहिला मान नॉर्मंडीतल्या शातो गायारचा. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सेन नदीवरच्या चुनखडीच्या टेकडीवर ११९६ ते ११९८ अशा अवघ्या दोन-तीन वर्षांत हा किल्ला उभा केला. फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त याने १२०३ मध्ये वेढा घातला आणि मार्च १२०४ मध्ये तो पडला. त्यानंतर नॉर्मंडी इंग्रजांच्या हातून गेली. आज तिथे अवशेषच आहेत, पण वेढ्याची गोष्ट दगडांत जशीच्या तशी वाचता येते. टेकडी तीन बाजूंनी तुटलेली आणि एकाच बाजूने पठाराला जोडलेली. हल्ला त्याच बाजूने येणार म्हणून तिथे पुढे एक वेगळा बालेकिल्ल्यासारखा भाग आणि मध्ये खंदक. फ्रेंचांनी आधी पुढच्या बुरुजाखाली सुरुंग खणला. मधल्या आवारात ते कसे शिरले, शौचकूपाच्या मोरीतून की प्रार्थनामंदिराच्या खिडकीतून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शेवटच्या आवाराच्या खंदकात मात्र एक चूक राहून गेली होती. दाराशी जाण्यासाठी खडक न खोदता तसाच पुलासारखा ठेवला होता आणि त्याच्याच आडोशाने सुरुंग खणणाऱ्यांनी भिंत पोखरली. तो खडक आजही जागेवर आहे. तिथे उभे राहून आतल्या तटाकडे बघा. त्याला सपाट बाजू जवळजवळ नाहीच, अर्धगोल फुगवटे एकाला एक लागून आहेत. फेकलेला दगड घसरून जावा आणि तटाच्या पायथ्याशी शत्रूला लपायला आंधळा कोपरा मिळू नये, यासाठी ही रचना. पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनवरून गायाँ-ओबव्हॉय या स्टेशनपर्यंत गाडी आहे. तिथून पुढचे दहा-बारा किलोमीटर टॅक्सी आधी ठरवूनच जा, स्टेशनबाहेर ती उभी असेल या भरवशावर राहू नका.

आगगाडीनेच जायचे असेल तर आँजे सर्वांत सोयीचे. पॅरिसच्या माँपारनासवरून वेगवान गाडीने दीड तास आणि स्टेशनवरून किल्ला चालत दहा मिनिटे. १३ व्या शतकातले सतरा प्रचंड गोल बुरूज, काळ्या पाषाणात मध्ये मध्ये पांढऱ्या चुनखडीचे पट्टे घातलेले. बुरूज आज वरून सपाट दिसतात, कारण १६ व्या शतकाच्या अखेरीस त्यांचे माथे उतरवले. आतल्या अंधाऱ्या दालनात १३७५ ते १३८२ च्या सुमारास विणलेला भव्य चित्रपट, म्हणजे भिंतीवर टांगायचे चित्रांचे कापड आहे, साधारण १०० मीटर लांबीचे उरलेले. गडप्रेमी ते टाळून तटावर धावतात. तसे करू नका.

तुमच्यासारख्यांनी गाडी भाड्याने घेऊन बुर्गुन्यातल्या गेदलाँला गेलेच पाहिजे. इथे १९९७ पासून १३ व्या शतकाच्या पद्धतीने एक नवा किल्ला बांधला जातो आहे. यंत्रे नाहीत. दगड तिथल्याच खाणीतला, छिन्नी तिथल्याच लोहाराने शेकून पाजलेली, दगडांमधले सांधे भरायला चुना आणि वाळू. माणसे लाकडी चाकाच्या आत चालतात, चाक फिरते, दोर गुंडाळतो आणि शेकडो किलोचा दगड वर जातो. गडावर चुन्याचा घाणा आणि त्याचे दगडी चाक पाहिलेल्यांना इथे उलगडा होतो की भिंतीच्या बाहेरच्या दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये रांगडे दगड-चुन्याचे भरण का असते, जंग्या म्हणजे मारा करायची छिद्रे बाहेरून अरुंद आणि आतून रुंद कशा कापतात, कमानीखालचा लाकडी साचा कधी काढतात. कारागिरांना प्रश्न विचारलेले चालतात, ते हातातले काम थांबवून उत्तर देतात. हिवाळ्यात बांधकाम बंद असते आणि हंगामातही काही वार सुट्टीचे असतात, तेव्हा तारीख आधी तपासा. गाडी चालवायची तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास नोंदणी करतानाच तसे सांगा, तिथे गिअरच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. गावांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, रस्ता त्याचा लहान आणि आपला मोठा असला तरी. आपल्याकडच्या चालकांची चूक इथेच होते.

शेवटचा टप्पा व्होबाँचा. सेबास्तियाँ व्होबाँ (१६३३–१७०७) हा चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार, म्हणजे शिवाजी महाराजांचा समकालीन. त्याच्या बारा ठिकाणांना २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तो जुलै २०२५ मध्ये मिळाला आणि त्या निर्णयाची बैठक भरली होती पॅरिसलाच. एकाच काळात तोफेच्या प्रश्नाला शोधलेली ही दोन उत्तरे पाहण्यासारखी आहेत. आपल्याकडे तोफ वर चढवणेच अवघड करून ठेवणारा कडा होता. व्होबाँला पुष्कळदा सपाट जमीन मिळाली, म्हणून त्याने तट ठेंगणा आणि जाड केला, आत माती भरली आणि बुरूज बाणाच्या टोकासारखे बाहेर काढले. प्रत्येक टोकाच्या दोन्ही कडांवर शेजारच्या टोकावरून मारा करता येतो. आल्झास प्रांतातले नफ-ब्रिझाक हे अष्टकोनी गाव याचा सर्वांत स्वच्छ नमुना. कोलमारहून बस आहे आणि खंदकातून फेरी मारायला तिकीट नाही.

डोंगरातला व्होबाँ हवा तर पिरेनीजमध्ये व्हिलफ्रांश-द-काँफ्लाँ गाठा. गावाभोवती तट आणि वर कड्यावर लिबेरिया किल्ला, गावातून वर जायला डोंगराच्या पोटातून सातशेहून अधिक पायऱ्यांचा जिना. त्याच गावातून ‘पिवळी गाडी’ नावाची छोटी आगगाडी दरी चढत व्होबाँच्याच माँ-लुईला जाते. हे ठाणे १६७९ मध्ये वसवलेले, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर. बालेकिल्ला अजून फ्रेंच सैन्याच्या ताब्यात आहे.

बारा दिवसांत हे सगळे बसवू नका. गायार, आँजे आणि गेदलाँ एकत्र जमतात. पिरेनीजला जाणार असाल तर गेदलाँ सोडा. वाटेत कार्कासोन लागेल. तिथे ५२ बुरूज आणि दुहेरी तट आहेत, पण टोकदार छपरे १८५३ नंतर वास्तुकार व्हिओले-ल-द्युक याने केलेल्या जीर्णोद्धारातली आहेत, हे लक्षात ठेवून पाहा.

प्रश्न : समुद्रात उभा असलेला मठाचा डोंगर मों-सँ-मिशेल भरतीच्या वेळी पाण्याने वेढलेला पाहायचा आहे. मागच्या वर्षी भाऊ गेला तेव्हा चहूकडे नुसती वाळू होती. कोणत्या दिवशी जावे? वाळूतून चालत जाता येते का? (रत्नागिरी)

उत्तर : भाऊ भांगाच्या दिवसांत गेला असावा. कोकणातल्या माणसाला हे गणित समजावून सांगायची गरज नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग. फरक आहे तो आकड्यांचा. मुंबईला मोठ्या उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते. या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १४-१५ मीटरपर्यंत जातो, युरोपच्या मुख्य भूमीवर सर्वांत जास्त. ओहोटीला समुद्र पंधरा किलोमीटर मागे सरतो. तळ जवळजवळ सपाट असल्याने तो परत येतो तेव्हा मोठ्या आडव्या पट्ट्याने येतो. घोडदौडीच्या वेगाने येतो असे म्हणण्याची रीत आहे. तितका नाही, पण भरभर चालणाऱ्या माणसाला गाठेल इतका नक्की.

फ्रेंच लोक भरतीला २० ते १२० असा गुणांक देतात. तक्त्यात तारखेसमोर तो छापलेला असतो. भरतीच्या वेळेसमोर ‘पी एम’ आणि ओहोटीसमोर ‘बी एम’ ही अक्षरे असतात. ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे आहेत, दुपारनंतरची वेळ नव्हे. या गैरसमजाने पुष्कळांचा दिवस हुकतो. गुणांक ९० च्या वर असेल तर पाणी डोंगराकडे येताना दिसते. डोंगराचे खरेखुरे बेट व्हायला ११० च्या वरचा गुणांक लागतो. असे दिवस मोजकेच आणि मार्च व सप्टेंबरमध्ये विषुवदिनाच्या आगेमागे जास्त. तेव्हा तक्ता आधी पाहा, तारीख मग ठरवा आणि विमानाचे तिकीट सगळ्यांत शेवटी काढा.

त्या दिवशी भरतीच्या वेळेच्या निदान दोन तास आधी डोंगरावर पोचलेले असा. तटावर समुद्राच्या बाजूला उभे राहिले तर आधी राखाडी चिखलावर एक चमकती रेघ दिसते, मग तिचा आवाज येतो आणि मग नदीचे पात्र उलटे वाहू लागते. डोंगराला किनाऱ्याशी जोडणाऱ्या पुलाचे टोक बुडाले तर थोडा वेळ कोणालाच खाली उतरता येत नाही, हाजी अलीची वाट बुडते तसेच. परतीच्या बसची वेळ त्या हिशेबाने धरा.

आधी एक पक्का बांध होता, १८७९ मध्ये बांधलेला. त्याने प्रवाह अडला आणि डोंगराभोवती गाळ साचत गेला. गाळ परत समुद्रात लोटण्यासाठी कुएनों नदीच्या मुखाशी नवे दरवाजे बांधले. ते भरतीचे पाणी अडवून धरतात आणि ओहोटीला एकदम सोडतात. बांधाच्या जागी २०१४ मध्ये खांबांवरचा पूल आला. गाड्या अडीच किलोमीटर अलीकडे थांबतात. पुढे फुकट बस किंवा पाऊण तास पायी. पायी जा, डोंगर हळूहळू मोठा होत जातो. बस दाराच्या साडेतीनशे-चारशे मीटर आधी सोडते आणि वर मठापर्यंत साधारण साडेतीनशे पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना हे आधी सांगा.

वाळूतून जाता येते, पण वाटाड्याबरोबरच. जने गावाजवळच्या बेक-दाँदेनवरून एका बाजूचे अंतर सहा-सात किलोमीटर आहे. अनवाणी चालायचे, मध्ये ओढे गुडघ्यापर्यंत. धोका तीन तऱ्हांचा : ओली रेती पायाखाली सैल होऊन पाय धरते, नदीचे पात्र जागा बदलते आणि भरतीचे पाणी आधी तुमच्या मागच्या खोलगट भागांत भरते, त्यामुळे समोर कोरडे दिसत असताना परतीची वाट गेलेली असते. धुके पडले तर दिशाही कळत नाही. डोंगराला पायी प्रदक्षिणा घालू, असे म्हणून एकट्याने खाली उतरू नका.

दारातून आत शिरल्यावर लोखंडी पट्ट्यांच्या दोन जाडजूड जुन्या तोफा दिसतील. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी १४३४ मध्ये हल्ला केला, तो फसला आणि तोफा मागे राहिल्या. आसपासची नॉर्मंडी इंग्रजांकडे गेली तरी हा डोंगर त्यांना कधीच घेता आला नाही. जंजिऱ्याच्या जवळचे असणाऱ्या तुम्हाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पुढे क्रांतीनंतर मठाचा तुरुंग झाला, तो १८६३ पर्यंत.

पॅरिसहून रेनपर्यंत वेगवान गाडी, दीड तास. तिथून बसने आणखी सव्वा तासाच्या आसपास. एक रात्र डोंगरावर किंवा पुलाच्या अलीकडे काढली तर संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर गल्ल्या आपल्या होतात.

प्रश्न : मार्सेलिसला सावरकरांनी उडी मारली ती जागा कुठे आहे? सगळे जण जुन्या बंदराचे फोटो टाकतात. (नाशिक)

उत्तर : गावाचा फ्रेंच उच्चार ‘मार्सेय’. टॅक्सीवाल्याला ‘मार्सेलिस’ कळणार नाही.

जुने बंदर म्हणजे ‘व्हिय पोर’, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसाहत केली ती खाडी. ते सुंदर आहे, पण मोठ्या आगबोटींसाठी ते पुरेनासे झाले, म्हणून १९ व्या शतकाच्या मध्यात त्याच्या उत्तरेला ला जोलिएत आणि पुढचे धक्के बांधले. १९१० मध्ये सावरकरांना नेणाऱ्या ‘मोरिया’सारख्या आगबोटी त्या नव्या बंदराला लागत. फोटो काढणारे अनेक जण त्यामुळे चुकीच्या पाण्यासमोर उभे असतात. धक्क्यांचा भाग आज कुंपणात आहे आणि आत सोडत नाहीत. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाने जोलिएतला उतरा, ‘तेरास द्यु पोर’ या बाजारसंकुलाच्या लांब सज्जावर जा. तिथून धक्के, तिथे उभी जहाजे आणि लांबलचक लाटरोधक बांध समोर दिसतो. ती खूण म्हणून धरा. नेमका कठडा दाखवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

घटनाक्रम हेगच्या लवाद न्यायालयाच्या निवाड्यात नोंदलेला आहे. बोट ७ जुलै १९१० च्या संध्याकाळी आली. ८ तारखेला सकाळी सावरकर निसटले, पोहून धक्क्यावर गेले आणि धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका ब्रिगेडियरने त्यांना धरले आणि बोटीवर परत नेले. ९ तारखेला बोट निघाली. इथला ब्रिगेडियर म्हणजे सेनाधिकारी नव्हे, तो हवालदाराच्या जवळचा हुद्दा आहे. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेला माणूस परत सोपवला म्हणून वाद झाला आणि तो हेगला गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने अटकेत अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण ब्रिटनवर त्यांना परत करण्याचे बंधन नाही असे ठरवले.

बंदर पाहाल त्याच दिवशी शहराच्या दक्षिणेला मझार्गची युद्ध दफनभूमी पाहा. सप्टेंबर १९१४ पासून हिंदुस्थानी फौजा याच बंदरात उतरल्या. इथे आजारपणाने आणि जखमांनी गेलेल्यांची स्मृती आहे. तीच वाट पुढे ल्युमिनीला आणि तिथून कालाँक म्हणजे चुनखडीच्या खोल खाड्यांकडे जाते. काळ्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना तो पांढरा कडा आणि खालचे हिरवे पाणी दिपवते. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा कधी कधी अख्खा दिवस बंद असतात, निर्णय आदल्या संध्याकाळी कळतो. सुजिताँच्या खाडीला गर्दीच्या दिवसांत आगाऊ नोंदणी लागते, ती फुकट असते. माणशी दोन लिटर पाणी न्या, वाटेत मिळत नाही. मिस्त्राल हा वायव्येचा वारा सुटला तर ऊन असूनही गार पडते, वारा अडवणारे एक जाकीट पिशवीत हवेच.

प्रश्न : आई-बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, आई अंडेही खात नाही. नीस आणि मार्सेयमध्ये पाच दिवस आहोत. रोज ब्रेड-जॅमवर काढावे लागेल का? (डोंबिवली)

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही फ्रान्सच्या अशा कोपऱ्यात जाता आहात जिथे बेसनाचे पदार्थ घरचेच आहेत.

नीसला ‘सोका’ मिळते. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, इतकेच. पातळ पीठ परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यात ओततात आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत सारतात. काही मिनिटांत कडा काळपट होतात, मध्यभाग लुसलुशीत राहतो. पोलादी पात्याने खरवडून ओबडधोबड तुकडे काढतात, वर भरपूर मिरपूड. आपल्या धिरड्याची ही भट्टीत भाजलेली बहीण. थंड झाली की चिवट होते, म्हणून थाळा भट्टीतून बाहेर येण्याची वाट पाहा, ठेवलेली घेऊ नका. मार्सेयला ‘पानिस’ मिळते. बेसन पाण्यात घोटून घट्ट शिजवायचे, साच्यात थापून गार करायचे, चकत्या कापायच्या. इथपर्यंत ती आपली पाटवडीच. मग त्या तेलात कुरकुरीत तळतात. त्याच तेलात मासे तळले आहेत का, हे विचारून घ्या. नीसचीच ‘पिसालादिएर’ मात्र टाळा. कांद्याची वाटते, पण वर अँचोव्ही मासे असतात.

फसगत होते ती इतरत्र. सॅलडमध्ये आणि कीशमध्ये ‘लार्दों’ म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक चौकोनी तुकडे असतात आणि यादीत ते लिहिलेले असतीलच असे नाही. कांद्याचे सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात करतात. मूस आणि थरांच्या गोडात जिलेटिन असू शकते. कोंते, रोकफोर यांसारखी नामांकित चीज वासरा-कोकराच्या जठरातल्या विकराने विरजतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी बांधीव पाकिटावरची माहिती वाचावी. ब्रिटनीची कुट्टूची ‘गालेत’ चांगली, पण ‘काँप्लेत’ मागवली तर हॅम आणि अंडे येते. फक्त चीज किंवा भाजी मागा आणि आईंसाठी पिठात अंडे आहे का तेही विचारा. गव्हाची गोड ‘क्रेप’ अंडे-दुधाची असते. ‘बागेत’ हा लांब पाव आणि ‘त्रादिसियाँ’ ब्रेड यांत काळजी नाही. १९९३ च्या कायद्याने त्रादिसियाँमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि खमीर हेच मुख्य घटक ठरवले आहेत.

नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, कारण काहींच्या हिशेबात मासा त्यात बसतो. एक एक वस्तू नाकारा : ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों, साँ लार्दों, साँज्यो’, म्हणजे मांस, मासा, लार्दों, अंडे नको. पण त्याआधी ‘बाँजूर’ म्हणा. ते न म्हणता थेट मागणी करणे तिथे उद्धटपणा समजतात आणि वेटर थंडपणे वागला की आपण त्याला दोष देतो.

दुपारी साधारण १२ ते २ आणि रात्री ७ नंतर, एवढाच वेळ स्वयंपाकघर चालू असते. तीन वाजता भूक लागली तर गरम जेवण मिळणे कठीण. ‘उन काराफ दो’ म्हटले की साधे पाणी फुकट येते, ब्रेडही जेवणाबरोबर येतो, आणि सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते. सकाळचा बाजार गाठून टोमॅटो, पीच, ऑलिव्ह घेतलेत तर दुपारचे जेवण बाकावरही उत्तम होते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये जातोय. संग्रहालये कोणत्या दिवशी बंद? (ठाणे)

उत्तर : लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. म्हणूनच मंगळवारी व्हर्सायला आणि सोमवारी लूव्रला नेहमीपेक्षा जास्त रेटा असतो, हे दोन्ही दिवस टाळा. १ मे रोजी तर जवळजवळ सगळे बंद, अनेक शहरांत बसही नसतात. मे महिन्यात ८ तारखेची सुट्टी, ईस्टरचा दिवस धरून ४० व्या दिवशी येणारा गुरुवार आणि त्याला जोडून घेतलेला शुक्रवार, या दिवसांत गाड्या आधीच भरतात. लहान गावांत सोमवारी दुकाने बंद असतात.

प्रश्न : आमचे पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीत होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेले आणि परत आले नाहीत. घरी फक्त एक पितळी पदक आहे. त्यांचे नाव कुठे असेल? मुलीला घेऊन जायचे आहे. (भोर)

उत्तर : नाव सापडण्याची चांगली शक्यता आहे. सुरुवात त्या पदकापासून करा. ब्रिटिश काळातल्या युद्धपदकांच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगाखाली धरून तिरपा उजेड टाका, झिजलेली अक्षरे सावलीने उठतात. पदक घासून चकचकीत करू नका, उरलेली अक्षरेही जातील.

खडकीच्या तुकडीचे तेव्हाचे नाव ‘तिसरी सॅपर्स अँड मायनर्स’. तिच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्समध्ये होत्या आणि २८ ऑक्टोबर १९१४ ला नव-शापेल गावावरच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर लढल्या. गल्लीगल्लीत, घराघरांत लढाई झाली आणि दोन्ही कंपन्यांची फार मोठी हानी झाली. त्याच गावासाठी मार्च १९१५ मध्ये पुन्हा मोठी लढाई झाली. हिंदुस्थानी पायदळ वर्षअखेरीस मेसोपोटेमियाला गेले, म्हणून मृत्यूची तारीख ठाऊक असेल तर शोध पुष्कळ आखडता येतो.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोधा, पण आपल्या लेखनाचा आग्रह धरू नका. कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिले आहे. आडनाव बहुधा नाही, फक्त नाव आणि कधी वडिलांचे नाव. ‘विठोबा’चे तीन-चार प्रकार करून पाहा. नाव लागले नाही तर पलटण आणि सेवाक्रमांकाने शोधा, क्रमांक सहसा चुकत नाही. नोंदीत वडिलांचे नाव, गाव, तालुका असेल तर ताडून बघा, पुण्याच्या नोंदीत भोर वेगळ्याच अक्षरांनी लिहिलेले असू शकते. नोंद सापडली की तिच्यातला फलकाचा क्रमांक टिपून घ्या.

ज्यांचे थडगे कुठेच नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची नावे नव-शापेलच्या स्मारकावर आहेत. हर्बर्ट बेकर याने रचलेले हे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ ला खुले झाले. गोल आवार, एका बाजूला सांचीच्या कठड्याची आठवण देणारी दगडी जाळी, मध्ये सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ आणि पायथ्याशी दोन वाघ. स्तंभावर नागरी लिपीतही ओळ कोरलेली आहे, मुलीला ती स्वतः वाचता येईल.

पॅरिसच्या गार द्यु नोरवरून लीलपर्यंत वेगवान गाडी, एक तास. लीलहून बेत्युनकडे जाणाऱ्या लोकल गाडीने ला बासे-व्हियोलेनला उतरा, तिथून स्मारक काही किलोमीटर उत्तरेला, शेतांमधल्या चौकात आहे. टॅक्सी लीलहूनच ठरवलेली बरी आणि परतीसाठी तिला थांबवून ठेवा. आसपास दुकान नाही, पाणी बरोबर न्या. फुले न्यायची तर लीलमध्येच घ्या.

फलकांवर नावे पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे आणि मग रोमन अक्षरक्रमाने आहेत, म्हणून आधी ‘सॅपर्स अँड मायनर्स’ हे शब्द शोधा. त्याच नावाचे दोघे-तिघे दिसले तर घाई करू नका, घरून आणलेला क्रमांक आणि नोंद समोर धरा. नाव चुकीचे कोरलेले आढळले किंवा अजिबात नसले, तर सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचा कागद किंवा पदकाच्या कडेचा स्वच्छ फोटो जोडून त्याच कमिशनकडे दुरुस्तीची विनंती करता येते. पुराव्यानिशी आलेल्या विनंत्या ते तपासतात.